डुलणारा बाक

अहो,

पत्ता नाही, तरी लिहिते. सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

नोकरीत तुम्ही पूल बांधलेत, एकही कधी खचला नाही. निवृत्तीनंतर तीस वर्षं वाचनालयासाठी फुकट राबलात. छप्पर, वायरिंग, सगळं चोख. दारातला बाक तेवढा स्वतःच्या हातांनी केलात, आणि त्याचाच एक पाय आखूड! एका टोकाला कुणी बसलं की दुसऱ्या टोकाचा माणूस टुणकन वर. नव्वदी उलटली तरी तुमचं पालुपद एकच, "बाक सरळ आहे, जमीनच वाकडी आहे."

तुमच्या माघारी आज कमिटीने तो दुरुस्त करायला सुतार पाठवला. डॉक्टरीणबाई, पेपरवाला, सगळे धावून आले. आपली नात तर बाकावर चक्क आडवी झाली. "आजोबांच्या बाकाला हात लावायचा नाही!"

सुतार वैतागला. "मग मी करू काय?"

"बसा," म्हटलं, आणि नातीला उठवून मी माझ्या टोकाला बसले.

तो तुमच्या टोकाला धपकन बसला. मी टुणकन वर! तोंडातून निघूनच गेलं, "अहो, हळू बसा ना! किती वेळा सांगायचं?"

"आजी, मी तर आत्ताच आलो!"

सगळे पोट धरून हसले. मीही हसले, डोळे पुसले आणि त्याला समजावलं, "तुमची चूक नाही हो. जमीनच वाकडी आहे."

तुमच्या बाकाच्या दुसऱ्या टोकावरची,
मी