विझलेल्या भट्टीचा दाब

६ मे, सोमवार
रुजू झाले! सिन्नरच्या पुढे माळावर आमचं वीजकेंद्र. सहा मेगावॉटचं, अगदी आटोपशीर. सोयाबीनचा भुसा आणि कपाशीच्या पऱ्हाट्या जाळायच्या, पाण्याची वाफ करायची, वाफेवर टर्बाइन फिरवायचं. शंभर भाग उष्णता पेटवली तर वीज हाती लागते बावीस-तेवीस भाग. बाकीची धुराड्यातून आणि कूलिंग टॉवरवरून आभाळात जाते. कॉलेजात हे शिकताना हळहळ वाटायची. आज भट्टीच्या काचेतून तो पिवळाधमक जाळ पाहिला आणि चक्क टाळी वाजवली.

क्वार्टर बॉयलरपासून पन्नास पावलांवर. बाहेर एकेचाळीस डिग्री आणि घरात गारवा! आईने आणलेला कूलर खोक्यातून काढलाच नाही. तिने आधी बाबासाहेबांची तसबीर लावली, मग माझ्यासाठी पिठलं टाकलं.

९ मे
बॉयलर सांभाळणारे पुंजारामबाबा इथे बारा वर्षं आहेत. साठीचे, बोलायला गोड. या उन्हातही अंगात दोन स्वेटर, डोक्याला कानटोपी. सवड मिळाली की बॉयलरच्या पत्र्यावर उजवा तळवा टेकवून बसतात. थंडी वाजते का, असं मी विचारलं. म्हणाले, "ताई, लय जवळ येऊ नका. हितलं माझं मी बघतो."

१४ मे
आज भुशाचा पट्टा तुटला. पाऊण तास भट्टीत कणभर इंधन गेलं नाही. जाळ बसला, निखारे काळे पडले. वाफेचा दाब मात्र बेचाळीस बारवर तसाच. वीजही पुरी. मीटर बदलून पाहिला. तेच. ऊर्जा कुठून तरी यावीच लागते. हा नियम कुणासाठी वाकत नाही. मॅनेजर मनोज सरांना फोन केला. ते उलट खूश झाले. म्हणाले, चाललंय ना, मग चालू द्या.

१७ मे
पुंजारामबाबा गेले. भर दुपारी दोन वाजता, बॉयलरला हात टेकून बसल्या जागी. मीच त्यांना आडवं केलं. बाहेर बेचाळीस डिग्री, आणि त्यांचा हात बर्फाच्या लादीसारखा. पापण्यांवर दंव होतं. दंव! डॉक्टरांनी हृदयविकार लिहिला.

१८ मे
आईला हुडहुडी भरली आहे. कालपर्यंत ठणठणीत होती. थर्मामीटर ९५ दाखवतो. काही नाही गं, वय झालं, म्हणते.

१९ मे
सकाळी ९३. पुंजारामबाबांचा तो गार हात आठवला. तिला गाडीने नाशिकरोडला माझ्या भावाकडे, रवीकडे, पाठवलं. रवीने दवाखान्यात दाखल केलं. सलाइन, गरम पाण्याच्या पिशव्या, चार ब्लँकेटं. संध्याकाळी त्याचा फोन आला — ९२. दूर नेऊनही उपयोग नाही.

२० मे
पट्टा थांबवला. पंखे बंद केले. निखारे ओढून बाहेर काढले. कामगार लांबून बघत राहिले, कुणी पुढे आलं नाही. भट्टीत आता नुसता काळोख.
दाब बेचाळीस.
आई ९०.

२१ मे
पुंजारामबाबांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोला, लंकाबाईंना, आईचं सगळं सांगितलं.
"माझं अंगबी असंच गार पडलं व्हतं," त्या म्हणाल्या. "धनी म्हनले, ती भट्टी कुना तरी एकाचीच ऊब घेती. जो हात लावून बसंल त्याची. कुनी न्हाई बसलं तर जवळ ऱ्हानाऱ्या कुनाची बी. मंग ते बसाया लागले. तिसऱ्या दिसाला मी उठले."
मग माझे दोन्ही हात धरून रडल्या. तू नको बसू, पोरी, म्हणाल्या.

२२ मे, सकाळ
८८. शुद्ध नाही. डॉक्टर म्हणतात नातेवाइकांना बोलवून घ्या.
मनोज सर फोन उचलत नाहीत.
पत्र्याला हात लावला. गार आहे — आणि पलीकडून कुणी तळवा घट्ट धरावा तसं —

दुपार
डाव्या हाताने लिहिते आहे. अक्षर वाकडं. रवीचा फोन. ९१. आईने पाणी मागितलं.
आईने पाणी मागितलं!

२३ मे
९६. आई बोलली. साक्षी जेवली का, म्हणे. हो म्हणून सांग, म्हटलं.
बोटं कळत नाहीत. पापण्या चिकटतात.
ती इकडे यायचा हट्ट करते आहे. रवीला सांगितलं, काही झालं तरी तिला —

२४ मे
रवीचा फोन लागत नाही.
फाटकाशी गाडी. आईचा आवाज. माझं नाव घेत येते आहे, धावत — दोन दिवसांपूर्वी शुद्धीवर नव्हती ती —
माझा हात ओढून सोडवेल ती. सोडवेलच. आवाज फुटत नाही माझा.
आई, मागे हो. नुसतं लांबून बघ. आई, हात नको ला