सात नंबरचा पाय

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.
आजपासून रोजनिशी. सतरा तारखेला मालक नव्या शाखेचा मॅनेजर जाहीर करणार. एकोणीस वर्षं या दुकानात लोकांच्या पायात बूट घालतोय, दुसरं कोण होणार? पुढे कुणी विचारलं तर सगळं नोंदवलेलं असावं.
उजव्या अंगठ्याचं नख जरा दुखतंय. किरकोळ.

४ मार्च, मंगळवार.
एक गिऱ्हाईक आलं. पाय नऊचा, हट्ट आठचा. म्हणे चामडं सैल होतं. सांगितलं, ते सैल होईपर्यंत तुमचं नख मांसात घुसेल. नऊचाच दिला. माणसं स्वतःच्या पायाशीसुद्धा खोटं बोलतात, कीव येते.
संध्याकाळी अंगठा लाल. बायको म्हणाली, बूट आवळ होत असतील. मला सांगते! शोकेसमधला जोड नेहमी सातचा असतो. सीझन संपला की तो स्टाफला फुकट. एकोणीस वर्षं दरवर्षी मीच नेतो. टाचेमागे शूहॉर्न लावला, थोडा दम धरला, की बरोबर बसतो. पाय सातचा नसता तर बसला असता का, असं विचारलं. 

६ मार्च, गुरुवार.
उपचार सुरू. शेजारच्या सलूनवाल्याने सांगितलं, नखाच्या मधोमध व्ही कापा, कडा आपोआप मध्याकडे ओढल्या जातात. शास्त्रशुद्ध वाटलं. कापला. कोपरेही खोलवर कोरून गोल केले. नख देखणं दिसतंय.
बायको म्हणे नख सरळ कापायचं, कोपरे कोरले की तेच मांसात वाढतं. हिची आत्या नर्स होती, त्याचा तोरा हिला.

८ मार्च, शनिवार.
व्हीमध्ये मोज्याचा धागा अडकला. गिऱ्हाइकासमोर ओरडलो. खोकला आल्यासारखं केलं.
दुकानात सहा महिन्यांपूर्वी आलेली सेल्सगर्ल आहे. प्रत्येकाचा पाय पट्टीवर ठेवून मोजते, रोजच्या गिऱ्हाइकाचासुद्धा. मी नुसत्या नजरेने सांगतो. मला म्हणाली, सर, लंगडताय, एकदा तुमचंही माप घेऊ का? हसलो. ही वर्षभरही टिकायची नाही.

९ मार्च, रविवार.
बायकोने टबात मीठ घातलेलं कोमट पाणी दिलं. पंधरा मिनिटं पाय बुडवला. मग पाय पुसून तिने नखाच्या कडेखाली कापसाची बारीकशी वात सारली. पुष्कळ बरं वाटलं. अर्थात हा व्हीचा परिणाम.
निश्चय: रोज तीनदा शेक. घरीदारी उघडी चप्पल.

१० मार्च, सोमवार.
सकाळी घाई. दुपारी दुकानात टब कुठला? संध्याकाळी कंटाळा. आणि बुटांच्या दुकानाचा होऊ घातलेला मॅनेजर चपलेत? छे. उद्यापासून नक्की.

१३ मार्च, गुरुवार.
पू. बायको ओढत डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी अंगठ्याआधी बूट उचलून पाहिला. विचारलं, हा कुणाचा? माझाच, म्हटलं. हसल्या. गोळ्या दिल्या. बूट बंद, नाहीतर नखाची कड कापून काढावी लागेल, म्हणाल्या.
निघताना त्यांचे पाय पाहिले. पाच नंबरच्या पायात सहाची सँडल. असल्यांचं काय ऐकायचं!

१६ मार्च, रविवार.
गोळ्यांनी सूज उतरली. म्हणजे बरा झालो. उद्यासाठी शोकेसमधला तांबूस जोड आणलाय. शूहॉर्न वाकला, पण पाय गेला.
बायको म्हणाली, चपलेत जा हो, मालक तुमचं काम बघतील, पाय नाही. मग म्हणाली, तुम्हाला असं चालताना बघवत नाही मला. डोळ्यांत पाणी. मॅनेजरच्या बायकोने जरा खंबीर असावं.

१७ मार्च, सोमवार. संध्याकाळी ७.
मालक आले. म्हणाले, या गिऱ्हाइकाला बूट दाखवा. खाली बसून दाखवले. उठताना सगळा भार अंगठ्यावर आला. ओरडलो आणि गिऱ्हाइकाच्याच खुर्चीत कोसळलो. या वेळी खोकला सुचला नाही.
मालक म्हणाले, बूट काढा. मोजा लाल झाला होता. त्यांनी सेल्सगर्लला पट्टी आणायला सांगितलं. ती गुडघे टेकून बसली, माझा पाय हलकेच पट्टीवर ठेवला. आकडा अगदी हळू सांगितला, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. मालकांना गेला. नऊ.
मालक चिडले नाहीत, त्याचाच राग आला. म्हणाले, स्वतःचा पाय ज्याला कळला नाही, त्याच्या हाती दुसऱ्यांचे कसे देऊ? शाखा सेल्सगर्लला दिली. तिने आतून नऊ नंबरची उघडी सँडल आणली आणि स्वतः माझ्या पायात चढवली. पाचही बोटं सरळ झाली. असं कधी झालेलं आठवत नाही.
घरी टबात पाणी तयार होतं. बायकोने विचारलं, काय झालं? म्हटलं, दुकानातली पट्टी बिघडली आहे. ती बरं म्हणाली आणि पाण्यात मीठ घातलं.
सँडल अजून काढलेली नाही.