हलक्या गाडीचे बारमाही टायर

९ नोव्हेंबर, संध्याकाळ
पाऊस. मोठ्या चौकातल्या गोल वळणावर गाडीने स्वतंत्र विचार केला. मी उजवीकडे वळवत होतो. ती स्वतःभोवती एक फेरी मारून, आलो त्याच दिशेला तोंड करून शांत उभी राहिली. कुणाला लागलं नाही, काही मोडलं नाही. मी प्रसंगावधान राखून डोळे मिटले होते. सौ. उतरली, छत्री उघडली आणि पायी घरी गेली. माझ्याआधी पोचली.
जेवताना एकच वाक्य बोलली: टायर बदलल्याशिवाय मी त्या गाडीत पाय ठेवणार नाही.
निदान बरोबर आहे. दोष टायरांचा. ते कोरड्या रस्त्याचे, उन्हाळी. चालकाबद्दल कुणी काही म्हणालं नाही, हे नोंदवून ठेवतो.
संकल्प: याच आठवड्यात बारमाही टायर.

१० नोव्हेंबर
लेकीचा फोन. दोन वर्षं घाटापलीकडच्या गावात, तिथल्या दवाखान्याच्या लॅबमध्ये होती. नोकरी सोडली म्हणाली. का, ते घरी आल्यावर सांगते, बाबा. आवाज एवढासा. एक डिसेंबरला खोली रिकामी करायची आहे.
मग म्हणाली, तुम्ही न्यायला याल का?
ही मुलगी सायकल शिकतानासुद्धा, सोडा बाबा, मी बघते, म्हणायची. हिने आजवर माझ्याकडे काही मागितलेलं आठवत नाही. मी म्हणालो, येणार म्हणजे येणार. फोन ठेवल्यावर चष्मा पुसावा लागला. वाफ असावी.
तिने माझी गाडी अजून पाहिलेली नाही. ती नोकरीला गेली त्याच महिन्यात मी गाडी घेतली. दोन्हींचा संबंध नाही. आहे, असं सौ. म्हणते. एकामागून एक घडलं म्हणजे कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे तिला समजावलं. ती कपडे वाळत घालायला गेली.

११ नोव्हेंबर
मेहुण्याला बातमी लागली. (सौ.कडून.) त्याच्याकडे गाडी नाही, चाकं लावलेली खोली आहे. म्हणाला, भाऊजी, कशाला दगदग? मी जाऊन घेऊन येतो की भाचीला. तुमच्या त्या साबणाच्या डबीत तिच्या बॅगा कुठे मावणार?
साबणाची डबी! जगातल्या मोजक्या हलक्या गाड्यांपैकी एक. दोन सीटा, चार चाकं आणि स्वाभिमान; अनावश्यक असं काही नाही. मी थंडपणे म्हणालो, लेकीने मला बोलावलंय. तो म्हणाला, बरं बरं, पण घाटात बर्फ पडतं हो, जपून. असा प्रेमळपणा सहन करणं फार कठीण.

१३ नोव्हेंबर
टायरच्या दुकानात गेलो. घाटाच्या नियमाप्रमाणे डिसेंबरपासून टायरवर डोंगर आणि त्यात हिमकण असं चित्र छापलेलं हवं. शिवाय आमच्या गाडीचे पुढचे टायर अरुंद, मागचे रुंद. म्हणजे निवड दुप्पट सूक्ष्म.
तीन उमेदवार. पहिला पाण्यात उत्तम, बर्फात बरा, अंगाने जड. दुसरा हलका, बर्फात समर्थ, पण गुणगुणतो म्हणे. तिसरा सर्वगुणसंपन्न, फक्त आमच्या मापात बनत नाही.
टायरवाल्याला विचारलं, पहिला की दुसरा? म्हणाला, दोन्ही चांगले, साहेब. मी म्हणालो, दोघांत अधिक चांगला कोणता? म्हणाला, तसे दोन्ही चांगले. तिसऱ्याबद्दल विचारलं. तोही चांगला.
अशा माणसाशी वाद संभवत नाही. अभ्यास करून परत येतो असं सांगितलं. तो म्हणाला, या, अभ्यासही चांगला.

१६ नोव्हेंबर
तीन दिवस इंटरनेटवर. जगभरचे हलक्या गाड्यांचे मालक तिथे एकमेकांवर धावून जाताहेत. एक म्हणतो, दुसऱ्या टायरमुळे माझा संसार वाचला. त्याच्याखाली दुसरा लिहितो, माझ्या फाटकाचं काय ते विचारा.
नवीनच संकट कळलं. हलक्या गाडीखाली टायर तापत नाही. तापला नाही तर रबर रस्ता धरत नाही. म्हणजे जो हलकेपणा मी मिरवत होतो तोच मुळाशी! पूर्वपक्ष मांडून झाला. उत्तरपक्ष सापडेना. सौ.ने विचारलं, जेवायला येताय का? तोही एक पक्ष आहेच.

१९ नोव्हेंबर
दुकानात स्वतःचा वजनकाटा घेऊन गेलो. कंपन्या वजन सांगताना हातचं राखून सांगतात असा मला संशय होता. आधी एकटा उभा राहिलो, मग टायर कडेवर घेऊन. एक गिऱ्हाईक बायको-मुलांना बोलावून दाखवत होतं. शास्त्राचं हसं होतंच.
निष्कर्ष: दोन्ही जड. शिवाय मीही.

२१ नोव्हेंबर
लेकीचा फोन. बाबा, नक्की ना? मामा म्हणत होता की तो… मी मधेच तोडलं. मामा काहीही म्हणतो. टायरचं जवळजवळ ठरलंय. ती म्हणाली, टायर कुठलेही चालतील हो, तुम्ही या.
कुठलेही! अज्ञानातला निरागसपणा. पण ते "तुम्ही या" दिवसभर कानात राहिलं. दुपारी ऑफिसच्या पत्रात "कळावे"च्या जागी "टायर" असं लिहून बसलो.

२२ नोव्हेंबर, सकाळ
पहिला. ठाम.

२२ नोव्हेंबर, दुपार
दुसरा. अखेरचं.

२३ नोव्हेंबर
टायरवाल्याने दुसऱ्यातले मागच्या मापाचे विकून टाकले. म्हणे, तुमचं ठरेना साहेब, आणि ते दुसरे गृहस्थ एका मिनिटात घेऊन गेले. एका मिनिटात! अशी माणसं लग्नंसुद्धा अशीच करत असतील.
आता पहिला मागवायचा. मागच्या मापाचा येईल सत्तावीसपर्यंत, बहुधा. "बहुधा" म्हणताना त्याने छताकडे पाहिलं. लेक खोलीबाहेर बॅगांवर बसली आहे आणि समोरून मेहुण्याची चाकांची खोली येते आहे, असं दृश्य भर दुकानात डोळ्यांपुढे उभं राहिलं. तिथल्याच एका टायरवर जरा बसलो. टायरवाला म्हणाला, बसायलाही चांगला आहे.

२७ नोव्हेंबर
आले! चारही! बसवले! चौकातल्या त्याच वळणावर, पावसात, मुद्दाम तीन वेळा फिरलो. गाडी रस्त्याला चिकटलेली. मी म्हणत होतोच की चालकाचा दोष नव्हता.
परंतु. पूर्वीच्या तुलनेत एकेक चाक जड झालं. स्टिअरिंगमधली ती चपळाई गेली. हरिणाला गमबूट घातल्यासारखं वाटतं. लेक पहिल्यांदा बसणार आणि तिला अशी गाडी दाखवायची? छे. वाढलेलं वजन दुसरीकडून काढणं प्राप्त आहे.

२८ नोव्हेंबर
काढलं: जॅक, रेडिओ, खालचा गालिचा, डिकीतला पाना-पक्कड. तरी हिशोब बसेना. स्वतः जेवण सोडून पाहिलं. दुपारपर्यंत.

२९ नोव्हेंबर, सकाळ
सुचलं! गॅरेजमध्ये अक्षरशः टाळी वाजवली.
बाजूची सीट. सौ. नाही तरी म्हणालीच आहे की या गाडीत पाय ठेवणार नाही. मग तिची सीट कशाला वाहायची? चार बोल्ट काढले की टायरांचं वजन फिटून वर शिल्लक. आणि कळस म्हणजे तिथे केवढी जागा झाली! लेकीच्या दोन्ही बॅगा सुखाने मावतील. मेहुण्याचा आक्षेप जागच्या जागी निरस्त. एका उपायात दोन दोष गेले. शास्त्रात याला लाघव म्हणतात.

२९ नोव्हेंबर, दुपार
सीट दिवाणखान्यात ठेवली. सौ. आली, सीटकडे बघत राहिली. मग म्हणाली, अहो, पण… मी बोट वर करून थांबवलं. टायरमधल्या हवेच्या दाबाचा हिशोब तोंडी करत होतो, आकडा सुटला असता. हिशोब झाल्यावर विचारलं, काय म्हणत होतीस? म्हणाली, काही नाही, राहू दे. आणि त्या सीटवर बसून, पाठ जरा मागे कलवून, मटार सोलू लागली. म्हणाली, इथे छानच आहे हो, घसरत नाही.
माझ्या युक्तीपुढे निरुत्तर होऊन ती असं बोलते. नंतर आतल्या खोलीत भावाशी फोनवर बोलत होती. खूप हसत होती. भावंडांमध्ये असा जिव्हाळा असावा.

३० नोव्हेंबर
मेहुण्याचा फोन. घाटात उद्या बर्फ सांगितलंय, मीही त्या बाजूला एका कामाला निघालोय, तुमच्या मागेमागेच असेन. कसलं काम, विचारलं, तर म्हणाला, असंच एक बसण्याचं.
उगाच पाळत. उद्या त्याच्याआधी तासभर पोचायचंच.

१ डिसेंबर, पहाट
निघतो. सगळं तपासलं: थर्मास, हवा मोजायचं यंत्र, नकाशा, सौ.ने दिलेला लेकीचा जाड कोट. सगळं बाजूला ऐसपैस पसरलं. काही राहिलं नाही. सौ. दारात उभी होती. सावकाश जा म्हणाली, आणि गाडीत डोकावून तोंडाला पदर लावला. निरोपाच्या वेळी ती हळवी होते.

१ डिसेंबर, दुपार, लेकीच्या खोलीवर
घाट पार केला. माथ्यावर खरोखर बर्फ होतं. मोठमोठ्या गाड्या कडेला उभ्या. मी, माझे टायर आणि माझा निर्णय सरळ वर. एकदाही घसरलो नाही. मोठ्याने ओरडलो. ऐकायला बाजूला कोणी नव्हतं. तेव्हासुद्धा माझ्या लक्षात आलं नाही.
लेक फाटकापाशीच उभी होती. वाळली आहे. बाबा, आलात, म्हणाली आणि गळ्यात पडली. दोन वर्षांत पहिल्यांदा. मी म्हणालो, चल बाळ, बघ आपली गाडी. दोन्ही बॅगा उचलून आत ठेवल्या. तंतोतंत मावल्या. मी अभिमानाने वळलो आणि तिच्याकडे पाहिलं.
ती गाडीकडे पाहत होती. मग बॅगांकडे. मग माझ्याकडे. हळूच म्हणाली, बाबा, मी कुठे बसू?
मी टायरांकडे पाहिलं.
बोलायचा प्रयत्न केला, तर "लाघव" एवढाच शब्द बाहेर आला. मला हसू येईना, तोंड वाकडं झालं. एवढ्या वर्षांत तिने एक गोष्ट मागितली, आणि मी काय काय काढून टाकलं! ती फुटपाथवर बसली. आधी वाटलं, रडते आहे. रडत होतीही, पण त्याहून जास्त हसत होती. म्हणाली, किती महिन्यांनी हसले हो बाबा.
एवढ्यात कोपऱ्यावरून चाकं लावलेली खोली वळली. मेहुण्याने काच खाली केली आणि म्हणाला, भाऊजी, माझं ते बसण्याचं काम इथेच होतं.

१ डिसेंबर, संध्याकाळ
परतीचा प्रवास: पुढे मेहुणा आणि लेक, मागे मी आणि बॅगा. घाटात त्यांच्या मागच्या काचेतून ती वळूनवळून हात करत होती. मी दिवे उघडझाप करून उत्तर दिलं. वळणावळणांवर टायर अप्रतिम. हे कुणाला सांगायचं?
जेवताना मेहुण्याला सहज विचारलं, तुझ्या गाडीला कोणते टायर? त्याने जरा विचार केला. म्हणाला, गोल.
नंतर कळलं, वाटेत लेकीने नोकरीचं सगळं मामाला सांगितलं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांशी कसं बिनसलं, कशी रोज एकटी जेवायची. रस्ता लांबचा होता, शेजारी कोणी बसलेलं होतं, म्हणून बोलता आलं असेल. ती जागा माझ्या शेजारची होती.

२ डिसेंबर
संकल्प: सकाळी उठल्याउठल्या सीट बसवायची, मग लेकीला फिरवून आणायचं. पाना-पक्कड घेऊन दिवाणखान्यात गेलो.
लेक सीटवर होती. पाय पोटाशी घेऊन, अंगावर जाड कोट, गाढ झोपलेली. आईने ओढणीचा पट्टासुद्धा बांधून दिला होता.
जवळच जमिनीवर बसून राहिलो. नऊ वाजले, दहा वाजले. सौ. चहाचा कप माझ्या हातात देऊन कुजबुजली, उठवू का? मी मानेनेच नको म्हटलं. थोड्या वेळाने लेक डोळे न उघडताच म्हणाली, बाबा, आहात ना? म्हणालो, आहे. म्हणाली, मग सांगते, ऐका.
पाना खाली ठेवला.