हलकं काडतूस

हॉफलुंड, नॉर्थ डकोटा
१७ फेब्रुवारी १९९१

प्रिय ऑर्लिन,

तू बरा असशील. इकडे सगळं ठीक आहे. थंडी शून्याखाली बावीसवर जाऊन बसली आहे आणि गाडी सुरू व्हायला रोज सकाळी नखरे करते. आई वृद्धाश्रमात रुळली. तिथल्या कॉफीला ती भांडी विसळलेलं पाणी म्हणते, पण तीन कप पिते. दर रविवारी विचारते, "ऑर्लिन येतोय ना?" मी म्हणते, "बिस्मार्क लांब आहे, आई." ती म्हणते, "बिस्मार्क होतं तिथेच आहे."

नाताळचं कार्ड तू दरवर्षी न चुकता पाठवतोस. मी पाठवत नाही. याबद्दल तू कधी काही बोलला नाहीस.

गेलनला जाऊन या मार्चमध्ये दोन वर्षं होतील. नवरा गेला की घर मोठं वाटतं. मी एका जागी बसत नाही. सारखी वर खाली करते. तळघरात जाते, कशाला आले ते आठवत नाही, परत वर येते. हे पत्र तीनदा सुरू केलं. एकदा इस्त्रीच्या फळीवर, एकदा गाडीत.

बातमी अशी की नेमबाजी क्लबने मला शिकवायला लावलं आहे. ड्वेन रास्क आता अध्यक्ष आहे. तो जानेवारीत घरी आला, बूट न काढता आत आला आणि म्हणाला, "आर्डिस, पोरं रिकामी काडतुसं घरीच भरायला लागलीत. एकाने परवा टेबलावर बंदुकीच्या दारूचा डबा उघडा ठेवून सिगरेट पेटवली. तू त्यांना शिकव. तुझ्याइतकं या तालुक्यात कुणाला येतं?"

मी नको म्हटलं. गुडघे सांगितले, डोळे सांगितले. तो म्हणाला, "मोतीबिंदूचं ऑपरेशन मागच्या वर्षीच झालं की." लहान गावात आजारसुद्धा आपला राहत नाही.

तर दर गुरुवारी संध्याकाळी क्लबच्या हॉलमध्ये सात पुरुष आणि दोन बायका काडतुसं भरायचं माझं जुनं यंत्र बघतात. गेलनने आणलेलं ते हिरवं यंत्र दोघांनी उचलून नेलं. मी सांगते: डोळ्यांवर चष्मा, टेबलावर एका वेळी एकच डबा, उरलेली दारू ज्याची त्या डब्यात, माप पुस्तकातलं, मनातलं नाही. भरलेलं प्रत्येक काडतूस तराजूवर ठेवायचं. सगळे वहीत उतरवून घेतात. लेस्टर बाकेन तर माझा खोकलासुद्धा उतरवून घेईल.

परवा मी म्हटलं, "भरताना फोन वाजला तर वाजू द्या. उठलातच, तर यंत्रात असलेलं काडतूस फोडायचं, यंत्रावरच्या दारूच्या बाटलीत किती उरलंय ते बघायचं, आणि मग पहिल्यापासून सुरू करायचं."

लेस्टरने विचारलं, "हे तुम्ही कुठे शिकलात?"

मी म्हटलं, "पुस्तकात आहे."

बस, एवढंच झालं. पण तेव्हापासून मला चैन नाही. तुला का लिहिते आहे कोण जाणे. हात थंडीत दुखतो का अजून? मी कधी विचारलं नाही.

तुझी बहीण,
आर्डिस


हॉफलुंड
१० मार्च

ऑर्लिन,

तुझं पत्र बुधवारी आलं. चार पानं. अक्षर आता उजवीकडे झुकतं, पूर्वी झुकत नव्हतं. शाळेतल्या बॉयलरची गंमत वाचून हसले. मग शेवटचं पान वाचलं आणि कोट चढवून रस्त्यावर गेले. टपाल कार्यालयापर्यंत जाऊन परत आले, परत गेले. पोस्टातली मार्व्हिस म्हणाली, "काही विसरलात का?"

तू लिहिलंस: "आर्डी, तुझ्या शेवटच्या वर्गाला मी येतो. अठ्ठावीस तारखेला मला सुट्टी मिळते. माझा हात त्यांना दाखव. दोन बिअर पोटात असताना माणूस बंदूक धरतो आणि आवाज बारीक आला तरी नळीत बघत नाही, त्याचं काय होतं ते दिसू दे. तेवढा तरी या हाताचा उपयोग."

तू येऊ नकोस. म्हणजे ये. पण आधी हे वाच. तू तिथे उभा राहून ते बोललास तर मला पुन्हा कुणाच्या तोंडाकडे बघता येणार नाही. तसंही अकरा वर्षं मी तुझ्या तोंडाकडे बघितलेलं नाही. तुझ्या कॅरनच्या लग्नाला मला फ्लू झाला नव्हता. मी तयार होऊन, टोपी घालून स्वयंपाकघरात बसले होते. गेलन गाडीत हॉर्न वाजवत राहिला आणि मग एकटा गेला.

ऑगस्ट ऐंशी. शनिवार. तुला रविवारच्या स्पर्धेसाठी काडतुसांची चार खोकी हवी होती. मी तळघरात भरत होते. चोकचेरीची रानफळं त्या वर्षी उदंड आली होती, आणि जेलीच्या बरण्या थंड व्हायला मी अर्ध्या टेबलावर मांडल्या होत्या. तराजू त्या बरण्यांच्या मागे होता. तो काढायचा म्हणजे वीस बरण्या हलवायच्या. मला वाटलं, बावीस वर्षं भरते आहे, माझ्या हाताला कळतं.

फोन वाजला. आई होती. जेली घट्ट होत नाही, अजून साखर घालू का, एवढंच. मी वर गेले, बोलले, खाली आले आणि दांडा ओढायला लागले. चौथं खोकं संपत आलं तेव्हा लक्षात आलं की यंत्रावरची दारूची बाटली रिकामी आहे. कधीपासून, ते कळेना. शेवटची तीन काडतुसं मी कापली. दोन काडतुसांत काहीच नव्हतं, तिसऱ्यात निम्मं. मी स्वतःला म्हटलं, निम्मं सापडलं म्हणजे त्याच्या आधीची पूर्ण असणार. हिशोब बरोबर वाटला. पण भरलेली मी एका बाजूला रचत नव्हते, ऑर्लिन. खोक्यात जागा दिसेल तिथे टाकत होते. शेवटची तीन कोणती ते मला नक्की माहीत नव्हतं. माहीत आहे असं मी ठरवलं.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तू तिसऱ्या जागेवर होतास. हवेत उडवलेली तुझी तबकडी फुटली नाही, तू नेम चुकला म्हणून मान हलवलीस. कानात बोळे, शेजारी चार बंदुका. दारू नव्हतीच, नुसत्या काडतुसाच्या बुडातल्या टोपीच्या ठिणगीने बूच आणि छर्रे नळीत ढकलले आणि तिथेच अडकवले. तुझी पुढची पाळी आली, चांगलं काडतूस त्या अडथळ्यावर उडालं आणि नळी तुझ्या डाव्या हाताखाली फाटली.

ड्वेनने तिथेच मला विचारलं, "काडतुसं तुझी ना?" तुला उचलत होते तेव्हा. मी म्हटलं, "बावीस वर्षांत माझं एक काडतूस वाया गेलेलं नाही." ते खरंही होतं, आदल्या शनिवारपर्यंत. मग कुणीतरी म्हणालं की जेवताना तू दोन बिअर घेतल्या होत्यास. सगळ्यांनी घेतल्या होत्या. पण ते वाक्य एकदा निघालं आणि माझं वाक्य त्याच्या मागे लपलं.

उरलेलं खोकं त्यांनी मला आणून दिलं. घरी येऊन मी वजन केलं. त्यात अजून एक हलकं निघालं. कापलं. आत दारूचा कणही नव्हता. मी ते शेयेनच्या पुलावरून नदीत टाकलं. घरी आले तर गेलन एकेक बरणी उचलून फळीवर ठेवत होता. तराजू मोकळा केला, पुसला, आणि मला काही विचारलं नाही. मरेपर्यंत विचारलं नाही. माझ्या हातची काडतुसं मात्र त्याने पुन्हा वापरली नाहीत. नेम धरताना डोळे दुखतात म्हणाला आणि क्लब सोडला.

आणि तू. इस्पितळात तीन बोटं गेलेला हात उशीवर ठेवून तू मला म्हणालास, "आर्डी, लोक तुझ्या काडतुसांबद्दल काही बोलले असतील तर मला माफ कर. चूक माझी. मी ऐकायला हवं होतं." मी तुझ्या कपाळावरचे केस मागे केले. एवढंच केलं. त्या वेळी बोलले असते तरी तुझं दुकान वाचलं नसतं. तीन बोटं नसलेल्या न्हाव्याकडे कोण येणार. पण बाकीचं वाचलं असतं.

पुस्तकात नाही ते, फोनचं. लेस्टरला मी खोटं सांगितलं.

आर्डिस


हॉफलुंड
२ एप्रिल

प्रिय बर्निस,

माझं अक्षर बघून तू पाकीट फाडायचं की नाही असा विचार केला असशील. तू ऑर्लिनला सोडून गेलीस, त्यानंतर नऊ वर्षांत आपण बोललो नाही. तू बहिणीकडे राहतेस तो फार्गोचा पत्ता मी तुमच्या कॅरनकडून घेतला. कशाला हवा ते तिला सांगितलं नाही.

सोबत मी ऑर्लिनला मार्चमध्ये लिहिलेल्या पत्राची नक्कल जोडते आहे. ती आधी वाच. मी इथे थांबते.

वाचलंस? आता पुढचं सांगते.

त्या पत्राला त्याचं उत्तर आलं नाही. अठरा दिवस मी रोज टपाल आणायला दोनदा जायची. अठ्ठावीसला गुरुवारी हॉलमध्ये सगळे जमले. ऑर्लिन नव्हता. मी यंत्रापाशी उभी राहिले. शेवटचा वर्ग म्हणून कुणीतरी केक आणला होता, ड्वेन पहिल्या रांगेत बसला होता. मी म्हटलं, "लेस्टर, तू विचारलं होतंस फोनचं मी कुठे शिकले. ते सांगते." आणि सांगितलं. जेलीच्या बरण्यांपासून पुलापर्यंत सगळं. उभं राहून इतका वेळ बोलायची मला सवय नाही, मध्येच मी भिंतीवरच्या घड्याळाशी बोलायला लागले.

मध्ये केव्हातरी दार उघडून गार वारा आला होता. संपल्यावर बघितलं तर ऑर्लिन मागच्या भिंतीला टेकून उभा होता, कोट अंगावर, टोपी हातात. केस पार पांढरे झालेत त्याचे. तो पुढे आला. डावा हात यंत्राशेजारी टेबलावर ठेवला, पसरून, जेवढा पसरतो तेवढा.

"तिने सांगितलं ते बरोबर आहे," तो म्हणाला. "आता जवळ येऊन बघा. लांबून कळत नाही."

ते एकेक करून आले. ड्वेन सगळ्यात शेवटी आला आणि हाताकडे न बघता त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. म्हणाला, "ऑर्लिन, बिअरचं पहिल्यांदा मीच बोललो होतो."

"माहीत आहे," ऑर्लिन म्हणाला. "आवाज ओळखला होता मी."

मी त्याच्यामागे गाड्या लावतात तिथे गेले. तो गाडीत बसला होता, काच खाली. मी म्हटलं, "घरी चल. सूप आहे." तो म्हणाला, नको. गाडी सुरू केली, पण हलवली नाही.

"पावणेदोनशे मैल येताना राग शोधत होतो," तो म्हणाला.

"सापडला?"

"जेम्सटाउनच्या अलीकडे." त्याने काच पुसली. "तो राहू दे. तो माझा आहे, मी बघतो त्याचं. तू एक काम कर. बर्निसला लिही."

"काय लिहू?"

"झालं ते. ती गेली तेव्हा म्हणाली होती, ‘तू पिऊन स्वतःचा हात उडवलास, उद्या आमच्यापैकी कुणाचा उडवशील.’ मी तिला अडवलं नाही, कारण मलाही तसंच वाटत होतं. दहा वर्षं मी एक थेंब घेतलेला नाही, आर्डी. कसली शिक्षा म्हणून सोडली तेच मला माहीत नव्हतं." मग म्हणाला, "परत ये म्हणून लिहू नकोस. माझी दया येईल असं काही लिहू नकोस. फक्त झालं ते."

म्हणून हे पत्र. त्याने सांगितलं तेवढंच लिहायचा प्रयत्न करते आहे, पण मला दोन गोष्टी आणखी सांगायच्या आहेत आणि त्या माझ्या आहेत, त्याच्या नाहीत.

पहिली: काडतुसात दारू नव्हती, आणि गावाने ती त्याच्या पोटात शोधली. मी ते होऊ दिलं. तू त्याला सोडून गेलीस तेव्हा मी चर्चच्या स्वयंपाकघरात बायकांना म्हटलं होतं, "बिचारी, किती सहन करणार." हे तुझ्याबद्दल मी म्हटलं. माझ्या तोंडाने.

दुसरी: तू घाबरून गेलीस ते चुकीचं नव्हतं. तुला जे सांगितलं गेलं त्यावर कुणीही तेच केलं असतं. तुझी चूक यात मला कुठे दिसत नाही. असं असूनही तुझी नऊ वर्षं गेली, आणि ती भरून द्यायला माझ्याकडे काही नाही.

आईला मी रविवारी सगळं सांगितलं. तिला किती कळलं ठाऊक नाही. तिने माझा हात धरला, मग सोडला, आणि खिडकीकडे तोंड केलं. सोमवारी मी गेले तेव्हा नर्स म्हणाली, "आज त्यांना कुणाला भेटायचं नाही." उद्या परत जाईन.

यंत्र मी क्लबला देऊन टाकलं. लेस्टर न्यायला आला होता. दारात घुटमळला, मग म्हणाला, "पुढच्या हिवाळ्यात वर्ग तुम्हीच घ्या. हे माहीत असलेल्या माणसानेच घ्यावा." मी त्याला हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. घरात अजूनही वर खाली करतेच आहे, तेवढं काही थांबलेलं नाही.

उत्तर देऊ नकोस असं मी म्हणणार नाही, दे असंही म्हणणार नाही. ऑर्लिनचा पत्ता आणि शाळेतला फोन नंबर खाली लिहिते. दुपारी तीननंतर तो बॉयलरच्या खोलीत असतो, फोन उचलतो.

बर्निस, त्या रविवारी तुझा नवरा पूर्ण शुद्धीवर होता.

ते काडतूस भरणारी,
आर्डिस