खळ्यावरचा गिअरबॉक्स

२ नोव्हेंबर
विलासने आज पिकअप बाहेर काढली. उन्हाळ्यात झटक्याने त्याची डावी बाजू गेली, त्यानंतर पहिल्यांदाच. चालतो, बोलतो, हाताने जेवतो. गाडी तेवढी राहिली होती. मी शेजारी बसले. मुरबाड रस्त्याच्या चढावर दुसऱ्यातून तिसरा पडेना. नुसती करकर. मागचा टेम्पोवाला शिव्या घालून पुढे गेला.
"गिअरबॉक्स गेला," विलास म्हणाला.
"असेल," मी म्हटलं.
बघत होते ना मी. बोटं गिअरच्या गोळ्यावर होती, पण आवळली जात नव्हती. क्लचही अर्धाच दाबला जात होता.

३ नोव्हें.
वि.ने पाड्यावरच्या बायकांना शब्द देऊन टाकला. गाडी झाली की पुढच्या बाजाराला भाजी आणि त्या, सगळ्यांना मुरबाडला नेणार, पूर्वीसारखं. मागे हौद्यात दहाबारा जणी बसतात. घाट नाही म्हणायला, पण ती वळणं आहेतच.
सासूबाई येईल त्याला सांगतायत, "गाडी म्हातारी झाली, माजा लेक नाय."

५ नोव्हें.
शहापूरहून नंदू आला. वि.चा शाळेपासूनचा दोस्त, गॅरेज त्याचं. एकटाच गाडी घेऊन वेशीपर्यंत जाऊन आला. येताना एकदाही करकर नाही. मी अंगणातून ऐकत होते. उतरला आणि माझ्याकडे न बघता वि.ला म्हणाला, "गिअरबॉक्स उतरवायला लागंल रे."
गोठ्यामागे गाठला त्याला. काय नडलंय गिअरबॉक्सला?
"काय नाय वहिनी. पन एकदा खोलून बघू दे त्याला. समाधान हुईल."
समाधान. सगळे त्याचं समाधान सांभाळतायत. आणि मी तरी काय करतेय.

७ नोव्हें.
गाडी खळ्यावर घेतली. सपाट आणि टणक जागा तेवढीच. परवाच सारवलंय, कडेला भाताचे भारे रचलेत, झोडणी तोंडावर. सासूबाई कडाडल्या, "खळ्यावर गाडी घालतात काय रे?" "मग काय चिखलात घालू?" वि. म्हणाला.
तिघांनी चपला मात्र खळ्याबाहेर काढल्या. खळ्यात चपला घालून जायचं नसतं. अनवाणी पायांनी गाडी ढकलत आत नेली. चपला बाहेर आणि गाडी आत, हे तेव्हा आम्हा तिघांनाही खटकलं नाही.
नंदूने बॅटरीची वायर सोडली, केबिनमधून गिअरची दांडी काढली. तिथल्या भोकातून खालचं सारवण दिसत होतं.
तेल सोडायचं काम वि.ने हट्टाने घेतलं. गाडीखाली आडवा, उजव्या हातात पाना, डाव्यात घमेलं. बूच सुटलं आणि घमेलं कलंडलं. काळं, उग्र वासाचं तेल खळ्यावर पसरत भाऱ्यांच्या बुडाशी गेलं.
"घमेलं नीट धरता येत नाय गो तुला?" तो खालून ओरडला.
मी दोन हात लांब उभी होते. सासूबाईंनी बघितलं होतं, नंदूनेही.
मी म्हटलं, "निसटलं."
सासूबाई संध्याकाळपर्यंत विळ्याने माती खरवडत बसल्या. खालचे भारे वेगळे काढले. ते भात कोण खाणार.

८ नोव्हें.
प्रॉपेलर शाफ्ट, मागच्या चाकांकडे जाणारा दांडा, सोडला. सोडण्याआधी नंदूने जोडावर चुन्याचं बोट ओढलं, परत तसाच बसला पाहिजे म्हणून. इंजिनखाली सागाचा ओंडका. मग गिअरबॉक्सच्या पोटाखालून दोर घेऊन केबिनच्या भोकातून वर काढला आणि आडव्या टाकलेल्या मुसळाला बांधला. मुसळ सासूबाईंचं.
"माज्या लग्नातली हळद कुटलीय त्यानं," त्या म्हणाल्या.
"मग आता गाडीला हळद लावू, काकू," नंदू.
खूप दिवसांनी वि. हसला. बरं वाटलं, आणि लगेच राग आला. कशाचा ते...
दोर सैल सोडायला वि. केबिनमध्ये. नंदूने जाता जाता दोराचा एक जास्तीचा वेढा मुसळाला घातला. भार सगळा मुसळावर. वि. दात आवळून दोर धरून बसलेला. वाटत होतं, तोच उतरवतोय. नंदूने खालून गिअरबॉक्स सरळ मागे ओढला, क्लचमधून सुटला, हळूहळू गोणपाटावर आला.
"बघ, धरला का नाय?" वि. मला म्हणाला. कपाळावर घाम.
"धरलास."
त्या वेळी त्याच्याइतकं प्रेम मला कुणाबद्दलच वाटलं नसतं. हेही लिहून ठेवते, कारण बाकीचं सगळं कडू लिहितेय.

११ नोव्हें.
शहापूरला एकटीच गेले. नंदूच्या गॅरेजात गिअरबॉक्स उघडा ठेवलेला. दात धड, बेअरिंगं धड. "अजून दहा वर्षं मरण नाय याला," नंदू म्हणाला.
मग सांग ना त्याला.
"मी नाय वहिनी. मी सांगितलं तं दोस्ती तुटंल."
आणि मी सांगितलं तर?
"तुमी रोज वही लिहिता ना. तुमाला शब्द येतात."
परतीच्या रिक्षात रडले नाही, संतापाने कान तापले होते. लोकांसमोर गाडीला दोष देणाऱ्या सासूबाईही घरात म्हणतात, बायकोनं सांगावं. नंदू म्हणतो, बायकोनं सांगावं. आणि सांगितलं की सगळे म्हणणार, बायकोनंच खचवला त्याला. न सांगावं तर दहाबारा जणी हौद्यात.

१३ नोव्हें.
नंदू गिअरबॉक्स घेऊन आला. बसवायच्या आधी वि.ने विचारलं, "काय गेलेलं आतमंदी?"
नंदू पाने पुसत बसला. पुसलेलेच परत पुसत.
मी सांगितलं. आत काहीच गेलं नव्हतं. हाताला जोर नाहीये अजून. पायालाही.
शब्द येतात म्हणे. एवढेच आले.
वि.ने खळ्यावरच्या तेलाच्या डागावर पायाने माती ओढली. मग म्हणाला, "तुला कवापासून म्हायती?"
"पहिल्या दिवसापासून."
"मग खोलू कशाला दिलास गो? माजी मजा बघत व्हतात सगळी?"
नंदूने पुसलेला पाना खाली ठेवला.
"बसवा," तो म्हणाला आणि पडवीत जाऊन बसला. गिअरबॉक्स नंदूने आणि मी बसवला. तो एकदाही उठला नाही.

१५ नोव्हें.
बोलणं बंद. भाकरी वाढली, खाल्ली. सकाळी खळ्यावर जाऊन एकटाच गाडी सुरू करून बसला होता. दांडी हलवत होता, जागच्या जागी. पहिला, दुसरा. तिसऱ्याला दोन्ही हात लावत होता.
मी दारात दिसल्यावर गाडी बंद केली.
पाड्यावरची एक म्हातारी विचारून गेली, "उद्या बाजाराला नेतो ना रं?"
वि. माझ्याकडे बघून तिला म्हणाला, "हिला इचार."
टोमणा होता की खरंच माझ्यावर सोपवलं, कळलं नाही. म्हातारी थांबलीय अंगणात. भाजी काढायची की नको, तिला आत्ताच सांगायला हवं. चावी त्याच्या खिशात आहे. मी आत येऊन हे लिहितेय.