पाठीला लागलेला हात

गुरुवार, २३ जानेवारी १९४७

रविवारच्या पानावर मी लिहिलं आहे, 'जरिनाचा हात माझ्या पाठीला लागला नाही, तिला उगाच तसं वाटलं.' हे खोटं आहे. हात लागला. डाव्या खांद्याच्या खाली, चार बोटं.

ते पान फाडणार नाही. कडेला आजची तारीख घालून ठेवली आहे, म्हणजे पुढे कधी वाचताना मीच फसायला नको.

आता नीट लिहिते. १९ तारखेला सांगलीत, विश्रामबागच्या माळावर, आमचा खो-खोचा सामना होता. आमच्या आठ जणी बाद झाल्या होत्या. नववी मी. वेळ संपत आलेली. मी टिकले तर आम्ही एका गड्यानं जिंकणार, बाद झाले तर बरोबरी आणि पुन्हा एक डाव. मी खांबाला वळसा घातला, तेवढ्यात जरिनानं मागून झेप घेतली. ती पडली, पण पडताना हात लागला. ती ओरडली, "बाद!" पंच म्हणाले, मधे खांब आला, मला दिसलं नाही.

आमच्या या रविवारच्या सामन्यांत एक रीत आहे. पंचाला दिसलं नाही तर पळणारीलाच विचारायचं. तिनं मैदानाची माती कपाळाला लावायची आणि सांगायचं. ते शेवटचं. ती नाही म्हणाली तर जिनं हात लावला म्हणून सांगितलं तिचा दावा खोटा, तिला उरलेला हंगाम बसवायचं. आणि मातीची आण खोटी निघाली तर सामनाच हरलेला धरायचा. दोघींतली एक खोटी ठरतेच.

पंच म्हणाले, "बाई, तुम्ही शाळेत शिकवता. तुमचा शब्द मी मानीन. लागला का हात?"

मी माती लावली. म्हणाले, "नाही."

दमले होते, हे खरं. पुन्हा डाव खेळायचं त्राण कुणातच नव्हतं, हेही खरं. पण दमलेलं माणूस 'हो' म्हणू शकतं. त्याला काही जास्त श्वास लागत नाही.

जरिना भांडली नाही. ती सतरा वर्षांची असेल. तिचा बाप रसूल पिंजारी सांगलीत गाद्या भरतो. ती नुसती स्वतःच्या तळहाताकडे बघत राहिली.


शुक्रवार, २४ जानेवारी

घोटा सुजला आहे. बसून शिकवलं. हेडबाई दारातून बघून गेल्या.


रविवार, २६ जानेवारी

कऱ्हाड. पहाटे निघालो. सर्व्हिस मोटारीत जागा नव्हती, तिघी जणी भाकरीच्या बोचक्यांवर बसून. नऊवारी आधीच खेळायची म्हणून आवळून नेसलेली, त्यामुळं धड बसताही येत नाही. मला वाटतं या हंगामात मी खेळले त्यापेक्षा जास्त वेळ मोटारीतच गेला.

मनुबाई मात्र वाटभर बोलत होती. ती आमची कप्तान. शेत करते, दोन म्हशी बघते, आणि रविवारी पळते. नवरा पलटणीत आहे, चैत्रात सुटून येणार. "त्यो आला की माझं पळणं बंद. मग म्हशीमागं पळायचं, न्हाईतर त्येच्यामागं. त्यात काय ढाल मिळत न्हाई बाई." सगळ्या हसल्या. मग हळूच मला म्हणाली, "एकदा तेवढी हंगाम जिंकल्याची ढाल घरात आणायची हाय. सासूच्या देव्हाऱ्याशेजारी ठेवणार."

आज एक विचित्र गोष्ट मी केली. पळताना कऱ्हाडची एक मुलगी माझ्या जवळून गेली. तिचा हात वीतभर लांब होता. आणि मी थांबले, कपाळाला माती लावली आणि आपणहून बाहेर आले. कुणी विचारलंही नव्हतं.

मनुबाई चिडली. "तिचा हात हितं, तू तितं. तुला काय मुंगी चावली का गं?"

मी म्हणाले, लागल्यासारखं वाटलं.

तरी जिंकलो. येताना मोटारीत कळलं, मी काही फेडलं नाही. एका खोट्यावर दुसरं ठेवलं, एवढंच. पहिलं स्वतःसाठी, दुसरंही स्वतःसाठीच.

आप्पासो माझ्याकडे बराच वेळ बघत होते. आप्पासो म्हणजे आमचे शिकवणारे — निवृत्त हवालदार.


बुधवार, २९ जानेवारी

शेजारच्या अंबूबाई आपल्या मुलाचं पत्र घेऊन आल्या. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझ्यासमोर पाट ठेवला, जसा भटजींसमोर ठेवतात. आमच्या घरात अक्षर आलं ते माझ्याबरोबर. आबांना वाटतं ते मीच शोधून काढलं.

पत्रात मुलानं लिहिलं होतं की तो शिमग्याला येणार नाही. वाचताना मी थांबले. अंबूबाई म्हणाल्या, "असंल तसं वाच गं. तू वाचलंस म्हंजी मला दुसऱ्या कुनाला इचारावं लागत न्हाई."

वाचलं.


शनिवार, १ फेब्रुवारी

सरावाला गेले. पाच जणीच आल्या. बाकीच्यांचा ऊस तोडणीला. पाचांत खो-खो होत नाही. आप्पासोंनी नुसतं पळवलं.


रविवार, ९ फेब्रुवारी

मिरज. हरलो. तरी शेवटच्या सामन्याला आम्हीच जाणार, मिरजेशी, २ मार्चला साताऱ्यात. सांगलीपेक्षा आम्ही जिंकलेला एक सामना जास्त आहे. तो एक कुठला, हे लिहायला नको.

पण आजचं मुख्य ते नाही. सांगलीच्या पोरी बघायला आल्या होत्या, त्यांत जरिना होती. तिची आई जन्नतबी बरोबर. जरिना साध्या लुगड्यात, बांगड्या घातलेल्या. खेळायचं नसलं की बांगड्या घालता येतात, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

मी नळावर पाय धूत होते. ती आली आणि शेजारी उभी राहिली. मला वाटलं आता बोलेल ती. मी तयारीही केली — ती म्हणेल 'तुमी खोटं बोललात', आणि मी 'हो' म्हणेन. त्या क्षणी मी म्हटलं असतं. नक्की म्हटलं असतं.

ती म्हणाली, "बाई, एक इचारू? रागावू नका. त्या दिशी माझाच हात चुकला व्हता का ओ? मला लागल्यागत वाटलं व्हतं. बोटाला कापड लागलं असं वाटलं. पर तुमी कशाला खोटं बोलशीला? मग माझ्याच मनाचं असंल."

जन्नतबी पाठीमागून म्हणाल्या, "तिला सांगा बाई, असं व्हतं कवा कवा. रातंदिस हात बघती. हिचे वालीद म्हनत्यात, चार गावांत खोटी ठरली, आता घराभाईर पाऊल न्हाई. मी म्हनते, पोरगी खोटी न्हाई, चुकली. चुकनं निराळं. तुमी सांगितलं तर ऐकंल ती."

मी काय म्हणाले? मी म्हणाले, "धूळ फार होती."

हे वाक्य मी आज दिवसभर तपासलं. त्यात एकही शब्द खोटा नाही. धूळ खरंच होती. माझ्या सगळ्या शिक्षणानं मला हे शिकवलं — खोटं बोलायचं तर खरे शब्द कसे निवडायचे.

जरिनानं मान हलवली. तिला बरं वाटलं असं दिसलं. तेच सहन झालं नाही.


मंगळवार, ११ फेब्रुवारी

शाळा. खोकला. लिहावंसं वाटत नाही. पण न लिहिणं म्हणजेही लपवणंच.


रविवार, १६ फेब्रुवारी

आज सामना नाही. सराव संपल्यावर आप्पासोंना एकटं गाठलं. ते खांबाला तेल लावत होते. सगळं सांगितलं. सांगताना माझा आवाज शाळेत पाठ म्हणून दाखवणाऱ्या मुलीसारखा झाला.

आप्पासो फडकं न थांबवता म्हणाले, "मला म्हाईत हाय."

"म्हणजे?"

"मी त्या अंगालाच हुबा व्हतो. हात लागलेला म्या बगितला. कऱ्हाडला तू आपसूक भाईर आलीस, तवा तर लहान पोराला बी कळलं असतं."

मी खाली मातीतच बसले. विचारलं, मग तुम्ही का बोलला नाहीत?

"पंचानं मला इचारलं न्हाई. तुला इचारलं." मग खांबाला फडकं घासत, "मास्तरीण, आईक. आता बोललीस तर सामना जातो, सांगली फुडं जाती. मनुबाईचा ह्यो शेवटचा हंगाम. बाकीच्या पोरींनी घरी शिव्या खाऊन रविवार काढलेत. तुझं मन हलकं व्हईल, त्येंच्या डोक्यावर वझं. आता बोलून कुनाचं भलं? हंगाम संपू दे. गप ऱ्हा."

त्यांचं म्हणणं वेडं नाही. हेच कठीण आहे. ते वेडं असतं तर मी उठून गेले असते.

घरी आले. आबा म्हणाले, चेहरा का उतरलाय? मी म्हणाले, पळून. हेही खरं. मोजत बसले तर माझं सगळं असंच निघेल.


रविवार, २३ फेब्रुवारी

सामने भरवणाऱ्या सांगलीच्या मंडळाचं पत्र आलं. आप्पासोंना पलटणीत शिकलेली रोमन लिपी तेवढी येते, मनुबाईला काहीच नाही. म्हणून संघाची पत्रं नेहमी मीच वाचते. सगळ्या खांबाभोवती बसल्या. मनुबाई म्हणाली, "मोठ्यानं वाच गं, मागं ऐकू येत न्हाई."

वाचायला लागल्यावर कळलं की पत्र माझ्याबद्दलच आहे. जरिनाच्या वतीनं कुणीतरी लिहून दिलेलं. खाली तिचा अंगठा. मोठा, शाईत भिजलेला, थोडा घसरलेला.

मी वाचलं. 'माझा दावा खोटा होता. मी बाईंवर आळ घेतला. दोन तारखेला साताऱ्यात सगळ्या संघांसमोर मी त्यांच्या पायावर नारळ ठेवून माफी मागेन. त्यानंतर मंडळानं मला पुन्हा खेळायला घ्यावं, ही विनंती.'

कुठंही अडखळले नाही. आवाज चांगला लागला. मागे बसलेल्यांनाही ऐकू गेलं.

एक जण म्हणाली, "बघा, शेवटी कबूल केलं का न्हाई." दुसरी म्हणाली, "बिचारी. नारळ घ्या बाई, जाऊ द्या." आप्पासो उठून मैदानाबाहेर गेले.

हंगाम संपू दे, असं ते म्हणाले होते. पण हंगाम संपायच्या आधीच ती पोर एका गोष्टीबद्दल माफी मागणार आहे, जी तिनं केली नाही. आणि तिला वाटतंय तिनं केली. तिनं स्वतःच्या हातावरचा विश्वास काढून माझ्या शब्दाला दिला.

रविवारी, सगळ्यांदेखत, तिनं नारळ पुढे केल्यावर मी खरं सांगायचं? नाही. तेव्हा ते माझं मोठेपण दिसेल. लोक म्हणतील, काय बाई आहे. तिनं वाकायच्या आधी सांगायला हवं. तिच्या घरी, तिच्या बापासमोर, जन्नतबींसमोर. मग मंडळाला. लेखी.

शुक्रवारी जावं असं वाटतं. शुक्रवारी जमेल.


मंगळवार, २५ फेब्रुवारी

आधी मनुबाईला सांगायला हवं होतं. तिचंच सगळ्यात जास्त जाणार. संध्याकाळी गोठ्यात गाठलं. ती धार काढत होती. मी सांगत गेले, ती धार काढत राहिली. म्हशीनं एकदा पाय उचलला, तेवढ्यापुरती तिच्यावर ओरडली.

माझं संपल्यावर म्हणाली, "ढाल गेली म्हन की."

"हो."

"आनी तू मला हे आज सांगतीस. महिना झाला." तिनं चरवी उचलून बाजूला ठेवली. "मी समद्या गावाला सांगितलं, आमची मास्तरीण मातीची आण घेऊन खोटं बोलत न्हाई. म्या सांगितलं."

म्हशीच्या पुढ्यात पडलेली वैरण मी आत सारली.

"जानार कवा?"

"शुक्रवारी."

ती दोरी सोडत होती. माझ्याकडे बघितलं नाही. "शुक्रवार नगं. आज मी लय दमलीया, म्हनून गप हाय. रागाला बी ताकद लागती. पर दोन दिसांत मला राग येनार. मग मी तुझ्या आबांकडं यीन, रडीन, पाया पडीन, तुला जाऊ देनार न्हाई. मला माझं म्हाईत हाय." मग म्हणाली, "लवकर जा."

चरवी घेऊन घरात गेली. मला चहा विचारला नाही. विचारला असता तर मला पिता आला नसता.


बुधवार, २६ फेब्रुवारी

रजेचा अर्ज लिहिला. कारणाच्या जागी आधी 'घरगुती काम' लिहिलं. तो कागद बाजूला ठेवून दुसरा घेतला. 'खो-खोच्या सामन्यात खोटी आण घेतली. जिच्यावर त्यामुळे आळ आला, तिच्या घरी जाऊन ते सांगण्यासाठी.' हेडबाईंनी दोनदा वाचला. म्हणाल्या, हा दप्तरात राहील, बाई. मी म्हणाले, राहू द्या.

सातारा रोड स्टेशनावरून सांगलीकडची सकाळची गाडी. उद्या, गुरुवार, २७ फेब्रुवारी.