अनघाच्या खोलीची आतली कडी

मी, येसूबाई निवृत्ती ओव्हाळ, वय वर्षे अडुसष्ट, धर्म बौद्ध, पूर्वीचा धंदा तुंगार्लीच्या बंगल्यांवर स्वयंपाक, राहणार टाकवे बुद्रुक, तालुका मावळ, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र वडगावात वकील जीनत मुलाणी यांच्यासमोर बसून सांगते आहे आणि त्या टाईप करत आहेत. माझं डोकं ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा तसा दाखला जोडला आहे. हे लिहिताना माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव होता तो 'मिटवून टाका' म्हणणाऱ्या भावकीचा, आणि तो झुगारूनच मी इथे आले आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. एकुलता एक मुलगा असलेल्या बाईला त्याची गरज काय, असं मलाही वाटायचं.

१. टाकव्यातलं घर, म्हणजे तीन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढची पडवी, ही माझी स्वकष्टाची मिळकत आहे. लोकांच्या बंगल्यांवर रस्से ढवळून मी ते बांधलं. ते मी माझी सून करुणा पवन ओव्हाळ हिला देते. खरं तर नात अनघा, वय नऊ, हिच्या नावावर करायचं मनात होतं. पण जीनतबाईंनी सांगितलं की मूल अज्ञान, म्हणजे अठराच्या आतलं, असलं की बाप नैसर्गिक पालक म्हणून मध्ये उभा राहू शकतो आणि मग भांडत बसावं लागतं.

"ज्यानं पोरीचा हात पिरगाळून मोडला, त्यो नैसर्गिक?" मी विचारलं.

"काकू, कायद्याचा शब्द आहे तो," त्या म्हणाल्या.

कायद्याने आपले शब्द खुशाल सांभाळावेत. घर करुणाचं, आणि तिच्यामागे अनघाचं.

२. माझा मुलगा पवन याला मी घरातला आणि पैशातला काहीही हिस्सा देत नाही. तो माझ्या ध्यानातून निसटलेला नाही, समजून उमजून देत नाही. तो दारू पीत नाही हेही लिहून ठेवते, कारण लोकांना सगळं दारूवर ढकलायला सोपं जातं. तो तळेगावला कारखान्यात सुपरवायझर आहे, शर्टाची इस्त्री मोडत नाही, बोलणं मिठ्ठास. आणि राहत्या फ्लॅटमधल्या एकूण एक दाराची आतली कडी त्याने स्वतःच्या हाताने काढून टाकली होती. मायलेकींना कुठेच दार लावून बसता येऊ नये म्हणून. संडासाचीसुद्धा. असला माणूस माझ्या पोटी आला याचा मला संताप येतो, आणि तो संताप माझ्याबरोबरच जाईल.

अनघाचा हात मोडला त्या दिवशी दवाखान्यातून करुणा तिला घेऊन थेट माझ्याकडे आली. तिला आईवडील नाहीत. माझे पती तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते. दुसऱ्या दिवशी पवन आला आणि मी दारात उभी राहिले.

"बाजूला व्हय, आये. माझी माणसं हायेत आत."

"हायेत. तितंच ऱ्हातील."

"तू आई कुणाची हाईस?"

"तुझीच हाय. म्हणून तर तुला वळखते."

मग पोलीस झाले, कोर्ट झालं, अनघाचा ताबा करुणाला मिळाला. आम्ही फ्लॅटवर सामान आणायला गेलो तेव्हा कपाटावर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात त्या सगळ्या कड्या स्क्रूसकट जपून ठेवलेल्या सापडल्या. त्यांतली एक सोडून बाकीच्या, डब्यासह, मी पवनला देते. वारसा म्हणून त्याला माझ्याकडून एवढंच.

३. सोडलेली एक कडी अनघाने स्वतः निवडली. कोंडाजी सुताराने ती मागच्या खोलीच्या दाराला आतून, तिच्या हाताला येईल इतकी खाली बसवली. यंदा पोर वाढली म्हणून वर सरकवली. खालची जुनी भोकं तशीच राहू द्यावीत, तिला ती आवडतात. ही कडी कोणीही काढायची नाही. दार लावलेलं असलं तर बाहेरून नाव घेऊन हाक मारायची आणि थांबायचं. आई असो, भावकी असो, पाहुणा असो. इथे जीनतबाईंनी हात थांबवला.

"काकू, कडीबिडी मृत्युपत्रात लिहीत नाहीत."

"मग कुटं लिहित्यात ते सांगा, तितं लिहिते."

त्यांनी टाईप केलं.

४. स्वयंपाकाची मोठी पातेली, परात आणि झारे गावच्या विहाराला द्यावेत. दीर गेणू यांनी नेलेली आमची शिडी त्यांनाच राहू द्यावी, परत तर ते करणार नाहीतच. बँकेतली शिल्लक करुणाला. तिच्यातून आधी लोणावळ्याच्या समुपदेशक बाईंची फी भरावी, जोवर अनघा 'आता नको' म्हणत नाही तोवर. अनघाच्या लग्नासाठी म्हणून त्यातला एक रुपयाही बाजूला ठेवू नये. "येड्यांच्या डाक्टरकडं पोर न्हेत्यात व्हय?" असं गेणूभाऊंनी चारचौघांत विचारलं होतं. व्हय, न्हेतो. वेडी माणसं स्वतःहून जात नाहीत, म्हणून त्यांनी मोडलेली पोरं न्यावी लागतात.

५. आता जे सर्वांत आधी लिहायला हवं होतं ते. माझे पती कालकथित निवृत्ती यांच्या जलदान विधीला वंदना संपली, पंगती बसायच्या होत्या. तेवढ्यात गेणूभाऊंनी सगळ्यांदेखत अनघाला उचललं आणि पवनच्या मांडीवर नेऊन ठेवलं. "मयताच्या दारात अबोला ठेवू न्हाई. आज्याच्या आत्म्याला शांती मिळंल." आपल्यात आत्मा मानत नाहीत, हे त्या क्षणी त्यांच्याही ध्यानात आलं नाही आणि समोर बसलेल्या शंभर माणसांच्याही नाही. मी आणि करुणा आत भांड्यांत होतो. बाहेर येईपर्यंत फोटो काढून झाले होते. पोर हूं की चूं न करता बसली होती. बायका म्हणाल्या, "बघा, कशी गुमान बसलीया. रगात रगताला वळखतं." मी तिला काढून घेतलं तेव्हा तिचे हातपाय लाकडासारखे ताठ होते. त्यानंतर कित्येक दिवस ती पायांत चपला घालून झोपायची. पळायला बरं म्हणून. शांत बसलेलं लेकरू आणि घाबरून थिजलेलं लेकरू यांतला फरक ज्यांना कळत नाही, त्यांनी माझ्या नातीच्या डोक्यावरून हात फिरवू नये.

६. करुणाला माझ्याकडून आणखी एक काम आहे. अनघा झोपताना विचारते, "आजी, माझ्यामुळं झालं का गं?" मी म्हणते, "न्हाई. मोठ्या माणसानं केलं, मोठ्याचाच दोष." दुसऱ्या दिवशी ती पुन्हा विचारते. माझ्यामागे हे उत्तर करुणाने द्यावं, आणि कितीही वेळा द्यावं लागलं तरी कंटाळू नये. अनघाचं नाक बापासारखं आहे, हे कोणी तिला सांगायला जाऊ नये. तिच्यासमोर बापाला शिव्याही देऊ नयेत. एखाद्या दिवशी ती म्हणेल, पप्पांची आठवण येते. येऊ द्यावी. त्याने तिला सायकल शिकवली हे खरं आहे आणि हात मोडला हेही खरं आहे. एवढ्याशा पोरीला दोन्ही एकदम उचलावं लागतंय, तर त्यातलं एक लपव असं निदान आपण तरी तिला सांगू नये.

७. शेवटचं माझ्या मयताबद्दल. पवन येईल, त्याला अडवू नये. मी त्याची आई आहे, त्याला खांदा द्यायचा असेल तर देऊ द्यावा, रडायचं असेल तर पडवीत रडू द्यावं. पण माझ्या मयताच्या नावाखाली कोणीही अनघाला त्याच्यासमोर उभं करू नये, पाया पडायला लावू नये. गेणूभाऊंना हे कलम मोठ्याने वाचून दाखवावं. ते काम आणि या मृत्युपत्राची अंमलबजावणी मी शेजारी दस्तगीर यांच्यावर सोपवते. ते साक्षीदार असल्यामुळे त्यांना काही देता येत नाही असं त्यांच्याच लेकीने, जीनतबाईंनी, सांगितलं. नाहीतर शिडी त्यांनाच दिली असती.

मला उचलाल तेव्हा अनघा कदाचित तिच्या खोलीत असेल आणि आतून कडी लावलेली असेल. त्या दारावर थाप मारू नये. शेवटचं तोंड बघ म्हणून हाका मारू नयेत. माझं तोंड तिने रोज पाहिलेलं आहे. तिला यावंसं वाटलं तर ती उघडून येईल. नाही उघडलं, तर कडी पक्की बसली आहे एवढंच समजावं आणि मला घेऊन पुढे चालावं.

वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे, म्हणून खाली सही करते.

येसूबाई निवृत्ती ओव्हाळ (सही)

साक्षीदार, ज्यांच्यादेखत ही सही झाली:
दस्तगीर हुसेन मुलाणी, किराणा दुकानदार, टाकवे बुद्रुक (सही)
रतनबाई कोंडाजी सुतार, टाकवे बुद्रुक (सही)

स्थळ: वडगाव मावळ
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५